फिक्स मर्ज झालंय, मग रिलीजमध्ये का दिसत नाही? गिटमध्ये कमिटचा माग काढताना

पुण्यातली कुठलीही प्रॉडक्ट टीम घ्या, हिंजवडीतली असो की खराडीतली, रिलीजच्या आदल्या संध्याकाळी एक प्रश्न हमखास येतो. क्यूएमधून (चाचणी करणाऱ्या टीममधून) कुणीतरी विचारतं, "अरे, जीएसटी राउंडिंगचं ते फिक्स ह्या बिल्डमध्ये आलंय ना?" डेव्हलपर म्हणतो, "परवाच मर्ज केलंय (मुख्य कोडमध्ये मिसळलंय) की." बिल्ड लावून बघावं तर पावतीवर एक पैसा अजून कमीच. मग तो लॅपटॉपवर गिटचा (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा) लॉग उघडून कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, दाखवतो; क्यूएवाली स्क्रीनशॉट दाखवते. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात.

ह्या भांडणाचं मूळ असं की "फिक्स आहे का" ह्या एका वाक्यात तीन प्रश्न दडलेले आहेत. ती कमिट ह्या टॅगच्या (रिलीजसाठी एका कमिटला दिलेल्या नावाच्या) इतिहासात आहे का? नसेल, तर तोच बदल दुसऱ्या हॅशने (कमिटच्या ओळख-क्रमांकाने) आत आलाय का? आणि इतिहासात असली, तरी तिने केलेला बदल आज त्या फाइलीत शिल्लक आहे का? गिटची पूर्वज तपासणारी आज्ञा फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून शेतात ऊस उभा असतोच असं नाही. नोंद तलाठ्याकडे बघायची आणि पीक बांधावर जाऊन. बहुतेक टीम नोंद बघून पिकाची खात्री देतात आणि तिथेच फसतात.

खाली आज्ञा वाचण्याच्या ओघात देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीप्रमाणे रोमन लिपीतच टाइप करायच्या.

आधी ताजं आणून घ्या

कंटाळवाणं आहे, पण निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. `गिट फेच --ऑल --टॅग्ज --प्रून` चालवा आणि तुलना करताना नुसतं `मेन` लिहू नका, `ओरिजिन/मेन` (सर्व्हरवरची मेन) लिहा. फेच केल्याने तुमची स्वतःची `मेन` ब्रँच (कमिट्सची वाट) पुढे सरकत नाही. ती गेल्या आठवड्यात जिथे होती तिथेच बसलेली असते.

टॅगची गोष्ट जरा चिवट आहे. कुणीतरी घाईत `रिलीज-४.२` हा टॅग सर्व्हरवर पुढच्या कमिटवर हलवलेला असतो आणि तुमच्याकडे मात्र जुनाच असतो. गिट २.२० पासून फेच अशा वेळी आधीचा टॅग पुसायला नकार देतं आणि तसा संदेशही दाखवतं, पण भरभर वर सरकणाऱ्या ओळींत तो कोण वाचतो? खात्रीसाठी `गिट एलएस-रिमोट --टॅग्ज ओरिजिन` चालवा. त्यात माहितीसह बनवलेल्या (ॲनोटेटेड) टॅगच्या दोन ओळी येतात. पहिलीतला हॅश टॅगचा स्वतःचा असतो आणि शेवटी `^{}` असलेल्या ओळीतला त्या कमिटचा. पहिला हॅश कॉपी करून "ही कमिट तर लॉगमध्ये कुठेच नाही" म्हणणारे आमच्या बाणेरच्या ऑफिसातच पुष्कळ भेटतात.

पहिला प्रश्न: कमिट इतिहासात आहे का

आज्ञा एवढीच:

`गिट मर्ज-बेस --इज-अ‍ॅन्सेस्टर <कमिट> <टॅग>`

ती स्क्रीनवर काहीही छापत नाही. उत्तर बाहेर पडतानाच्या कोडमध्ये असतं, म्हणून लगेच पुढच्या ओळीत `एको $?` करायचं. ० म्हणजे पहिली कमिट दुसरीची पूर्वज आहे, १ म्हणजे नाही. ह्याशिवाय काहीही आलं, बहुधा १२८, तर गिटला प्रश्नच सोडवता आलेला नाही. क्रम उलटा झाला तर प्रश्नच उलटा होतो. आधी जिचा शोध घ्यायचाय ती कमिट आणि मग जिथे शोधायचंय तो टॅग. कमिट स्वतःचीही पूर्वज धरली जाते, त्यामुळे टॅग नेमका त्याच कमिटवर असेल तरी ० येतं. ही सोय २०१२ मध्ये, गिट १.८.० पासून आली. त्याआधी लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये मर्ज-बेस काढून त्याची कमिटशी अक्षरशः तुलना केलेली दिसते. ती अजूनही बरोबर चालते, उगाच बदलत बसू नका.

माणसाला वाचायचं असेल तर `गिट टॅग --कंटेन्स <कमिट>` जास्त सोयीचं. कोणकोणत्या टॅगमध्ये ती कमिट आहे त्याची यादीच समोर येते. ब्रँचसाठी `गिट ब्रँच -ए --कंटेन्स <कमिट>`.

काही लोक ब्राउझरमध्ये कमिटची लिंक उघडते हाच पुरावा मानतात. तो पुरावा नाही. गिटहबवर फोर्कमधली (कुणीतरी काढलेल्या प्रतीतली) कमिटसुद्धा मूळ रेपोच्या (कोडच्या भांडाराच्या) पत्त्याखाली उघडते; वर पिवळ्या पट्टीत "ही कमिट ह्या रेपोच्या कोणत्याही ब्रँचमध्ये नाही" अशा अर्थाची सूचना असते, तेवढी वाचायची.

तारखाही पुरावा नाहीत, आणि आपल्याकडे हा घोळ जास्त होतो, कारण अर्धी टीम इथे आणि अर्धी अमेरिकेत. लॉगमध्ये एका ओळीला `+०५३०`, दुसरीला `-०७००`, आणि डोळ्यांनी हिशेब लावणं सुरू. "रिलीज ब्रँच बुधवारी काढली, कमिट सोमवारची आहे, म्हणजे असणारच." तसं होत नाही. सोमवारी ती कमिट फीचर ब्रँचवर झाली, मेनमध्ये मर्ज गुरुवारी झाली, तर बुधवारी काढलेल्या ब्रँचला तिचा पत्ताच नाही. भरीला, लॉगमध्ये सहसा दिसते ती लेखकाची तारीख. रिबेस केलं (कमिट्स दुसऱ्या पायावर पुन्हा रचल्या) तरी ती जुनीच राहते आणि कमिट करणाऱ्याची तारीख तेवढी बदलते. दोन्ही बघायच्या असतील तर `गिट लॉग --फॉर्मॅट=फुलर`. पण मुळात कोण कोणाचा पूर्वज हे कमिटमध्ये लिहिलेल्या पालकांच्या हॅशवरून ठरतं. घड्याळाचा त्याच्याशी संबंध नाही.

पाइपलाइन "नाही" म्हणते, लॅपटॉप "हो" म्हणतो

हा प्रकार सगळ्यात जास्त वेळ खातो, म्हणून जरा सविस्तर.

पाइपलाइनमधला (आपोआप बिल्ड आणि चाचण्या करणाऱ्या यंत्रणेतला) रेपो बहुतेक वेळा उथळ, म्हणजे थोडासाच इतिहास आणलेला, असतो. गिटहब अ‍ॅक्शन्सची चेकआउट पायरी वेगळं काही सांगितलं नाही तर फक्त एक कमिट आणते. गिटलॅबमध्ये नव्या प्रोजेक्टला डीफॉल्टने २० कमिट्सची खोली असते. वेग वाचतो, चांगलंच आहे. पण त्या खोलीच्या पलीकडे पालकांचे दुवे तोडलेले असतात, आणि त्यापलीकडच्या पूर्वजाबद्दल विचारलं की दोनपैकी एक होतं. ती कमिटच आणलेली नसेल तर १२८ येतो आणि निदान काहीतरी बिघडलंय हे कळतं. पण दोन्ही टोकं हाताशी आहेत आणि मधली साखळीच गायब आहे, अशी स्थिती असेल तर गिट शांतपणे १ देतं. म्हणजे अगदी आत्मविश्वासाने दिलेलं चुकीचं "नाही".

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. उथळ क्लोन (रेपोची प्रत) दुवे तोडतो, नवे जोडत नाही. त्यामुळे त्याने "हो" म्हटलं तर ते खरंच असतं. संशय फक्त "नाही"चा घ्यायचा.

तपासायला `गिट रेव्ह-पार्स --इज-शॅलो-रिपॉझिटरी`. उत्तर "ट्रू" आलं तरच `गिट फेच --अनशॅलो` चालवा. पूर्ण रेपोवर ते चालवलं तर गिट चूक दाखवून थांबतं आणि तुमची पाइपलाइन वेगळ्याच कारणाने लाल होते. कायमचा उपाय हवा असेल तर गिटहबवर `फेच-डेप्थ: ०` आणि गिटलॅबवर `गिट_डेप्थ` ० करा. रेपो अवाढव्य असेल आणि सगळं आणणं जिवावर येत असेल, तर उथळ क्लोनऐवजी `--फिल्टर=ब्लॉब:नन` वापरून क्लोन करा. त्यात सगळ्या कमिट्स आणि त्यांचे दुवे येतात, फाइलींचा मजकूर तेवढा गरज पडेल तसा येतो. पूर्वज-तपासणी अशा रेपोत बिनचूक होते. माझ्या मते मोठ्या रेपोसाठी हाच मार्ग सरस. खोली ५० की १०० हा वाद घालण्यात हशील नाही, कारण एखादी जुनी हॉटफिक्स (तातडीच्या दुरुस्तीची) ब्रँच कुठलीही खोली ओलांडतेच.

गिटहबवर पुल रिक्वेस्टने (ब्रँच मर्ज करण्याच्या विनंतीने) सुरू झालेल्या पाइपलाइनमध्ये आणखी एक खाचखळगा आहे. तिथला `हेड` (चेकआउट केलेली कमिट) तुमची कमिट नसते. तुमची ब्रँच आणि मुख्य ब्रँच मिळून तयार केलेली ती तात्पुरती मर्ज कमिट असते. तिचा हॅश लॉगमधून उचलून नंतर मेनमध्ये शोधत बसाल तर तो कधीच सापडणार नाही.

आणि आता `सेट -ई`. स्क्रिप्टच्या डोक्यावर ती ओळ असली की कुठलीही आज्ञा शून्याशिवाय काही देऊन बाहेर पडली की स्क्रिप्ट तिथेच मरते. इथे १ हे साधं उत्तर आहे, चूक नाही, पण बॅशला (स्क्रिप्ट चालवणाऱ्या शेलला) ते कसं कळणार? संदेश नाही, काही नाही, पायरी लाल. मग कुणीतरी वैतागून मागे `|| ट्रू` चिकटवतं. त्या दिवसापासून पाइपलाइन हिरवीगार, आणि १ आणि १२८ दोन्ही गिळले जातात. त्याऐवजी आधी `स्थिती=०` ठेवा आणि मग असं लिहा:

`गिट मर्ज-बेस --इज-अ‍ॅन्सेस्टर "$फिक्स" "$टॅग" || स्थिती=$?`

पुढे तीन वाटा वेगळ्या करा: ० ला पुढे जा, १ ला "फिक्स रिलीजमध्ये नाही" असं स्पष्ट छापून थांबा, बाकी कशालाही "तपासता आलं नाही" म्हणून थांबा. नुसतं `इफ` लावलं तर स्क्रिप्ट मरत नाही हे खरं, पण १ आणि १२८ एकाच "नाही"त मिसळतात, आणि पहाटे अडीचला अमेरिकेतल्या क्लायंटला चुकीचं उत्तर जातं.

दुसरा प्रश्न: बदल आलाय, पण दुसऱ्या हॅशने

पूर्ण रेपो आहे, क्रम बरोबर आहे, तरी उत्तर १. आता बघा की तुमच्याकडे मर्ज कसं होतं. कमिटचा हॅश फाइलींच्या अवस्थेवरून, पालकांवरून, लेखक आणि कमिट करणारा ह्यांची नावं-तारखांवरून आणि संदेशावरून बनतो. ह्यातलं काहीही बदललं की हॅश नवा. रिबेसने पालक बदलतात, चेरी-पिकने (एखादी कमिट उचलून दुसऱ्या ब्रँचवर नेल्याने) पालक बदलतात, आणि स्क्वॉश मर्जमध्ये तर तुमच्या सगळ्या कमिट्स मागे राहतात आणि त्यांच्या बदल्यात एक नवीच कमिट मेनवर येते. "मर्ज केलंय" म्हणणारा डेव्हलपर बरोबरच असतो. त्याने शोधायला दिलेला हॅश तेवढा मेनवर कधी गेलेलाच नसतो. `गिट ब्रँच -डी` (स्मॉल डी) ब्रँच पुसायला नकार देऊन "पूर्ण मर्ज झालेली नाही" म्हणतं, तेही नेमकं ह्याच कारणाने.

चेरी-पिक किंवा रिबेस असेल तर:

`गिट चेरी -व्ही <टॅग> <फीचर-ब्रँच>`

फीचर ब्रँचवर असलेल्या पण टॅगच्या इतिहासात नसलेल्या कमिट्स हे दाखवतं. पुढे `-` असेल तर तोच बदल टॅगमध्ये वेगळ्या हॅशने आहे, `+` असेल तर तसा सापडला नाही. ही तुलना बदलाच्या मजकुरावरून होते, ओळींचे क्रमांक आणि मोकळ्या जागा सोडून. म्हणजे चेरी-पिक करताना कॉन्फ्लिक्ट आला (दोन बदल एकाच जागी आदळले) आणि कुणी हाताने एखादी ओळ वेगळी लिहिली, की `+` दिसणार. `+`चा अर्थ "नक्की नाही" असा घेऊ नका. स्क्वॉशमध्येही असंच होतं: पाच कमिट्सचा एक गोळा झाला की त्या पाचांतली एकही त्या गोळ्याशी जुळत नाही, पाचही `+`.

स्क्वॉशसाठी मला विश्वासाचा वाटतो तो मार्ग फार साधा आहे. कमिटच्या संदेशात तिकिटाचा क्रमांक सक्तीचा करा आणि `गिट लॉग --ग्रेप=<तिकीट> <टॅग>` चालवा. चेरी-पिक करताना `-एक्स` द्यायची सवय लावा. मग मूळ हॅश नव्या कमिटच्या संदेशात आपोआप लिहिला जातो आणि त्या हॅशवर ग्रेप करता येतं. ही सवय नसलेल्या टीममध्ये हॉटफिक्सचा शोध म्हणजे निव्वळ डोकेदुखी.

तिसरा प्रश्न: कमिट आहे, बदल नाही

इथे पूर्वज-चाचणी ० देते, टॅगच्या यादीत नाव दिसतं, आणि तरीही फाइलीत ती ओळ नसते. हे अशक्य वाटतं म्हणून लोक उगाच कॅशवर संशय घेतात. आधी सरळ फाइलीलाच विचारा:

`गिट ग्रेप -एन '<फंक्शनचं नाव>' <टॅग> -- <फाइल>`

चेकआउट लागत नाही, टॅगमधली फाइल थेट तपासली जाते. ओळ नाही सापडली तर दोन संशयित.

पहिला रिव्हर्ट. तो सापडायला सोपा, कारण गिट स्वतःच रिव्हर्टच्या संदेशात मूळ हॅश लिहितं; `गिट लॉग --ग्रेप=<हॅश> <टॅग>` केलं की समोर येतो. रिव्हर्टने इतिहास पुसला जात नाही, उलटा बदल करणारी नवी कमिट वर चढते. म्हणून मूळ कमिट पूर्वज राहतेच. अख्खी मर्ज कमिट रिव्हर्ट केली असेल तर खरी पंचाईत पुढे आहे. ब्रँच दुरुस्त करून पुन्हा मर्ज केली की फक्त नंतरच्या कमिट्स येतात. आधीच्या गिटच्या लेखी "आलेल्याच" असतात, त्यामुळे त्यांच्यातले बदल परत येत नाहीत. लिनस टोरवाल्ड्स ह्यांनी २००८ साली ह्याच विषयावर लिहिलेली टिपण गिटच्या दस्तऐवजांत आजही आहे. उपाय: आधी त्या रिव्हर्टलाच रिव्हर्ट करा, मग ब्रँचवरची नवी दुरुस्ती मर्ज करा.

दुसरा संशयित म्हणजे चुकीचा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट. कुणीतरी मर्ज करताना "आपली बाजू घे" म्हणून मोकळं झालं आणि तुमचं फिक्स तिथे गळालं. हे हुडकणं अवघड, कारण गिटचा लॉगच इथे दिशाभूल करतो. `गिट लॉग -- <फाइल>` इतिहास सोपा करून दाखवतं: मर्जनंतरची फाइल एका बाजूशी तंतोतंत जुळत असेल, तर दुसरी बाजू ते गाळून टाकतं. म्हणजे गळालेल्या फिक्सची कमिट त्या फाइलीच्या लॉगमध्येही दिसत नाही! `--फुल-हिस्टरी` जोडलं की ती परत दिसते. `गिट लॉग -एस'<शब्द>'` (कॅपिटल एस) हा शोधही मुळात मर्ज कमिट्सच्या आत डोकावत नाही. त्यासाठी `-एम` द्यावं लागतं.

ह्या कामाला बायसेक्ट (इतिहास निम्मा-निम्मा करत बिघडलेली कमिट शोधणारी आज्ञा) लावण्याचा मोह होतो. लावू नका. फिक्स आणि टॅग ह्यांच्या मध्ये समांतर ब्रँचच्या अशा कितीतरी कमिट्स असतात ज्यांच्यात ते फिक्स कधी नव्हतंच. बायसेक्ट त्यांना "वाईट" ठरवतो आणि भलत्याच माणसाच्या नावावर बिल फाडतो. त्याऐवजी फक्त फिक्सच्या वंशजांची यादी काढा, जुन्यापासून नव्याकडे:

`गिट रेव्ह-लिस्ट --ॲन्सेस्ट्री-पाथ --टोपो-ऑर्डर --रिव्हर्स <फिक्स>..<टॅग>`

यादीतल्या एकेका कमिटवर वरचंच गिट ग्रेप फिरवा. जिथे ओळ पहिल्यांदा नाहीशी होते ती कमिट तुमची. ती मर्ज असेल तर `गिट शो --रीमर्ज-डिफ <हॅश>` बघा. गिट २.३६ पासून ही सोय आहे. गिट ते मर्ज स्वतः पुन्हा करून बघतं आणि माणसाने त्यापेक्षा वेगळं काय केलं तेवढंच दाखवतं. कॉन्फ्लिक्टच्या खुणांसकट चित्र समोर येतं, आणि मग चर्चा थोडक्यात आटोपते.

टॅगमध्ये ओळ आहे, पण बिल्ड जुनंच वागतंय

आता प्रश्न गिटचा राहिला नाही, बिल्ड कशापासून झालं हा आहे. बिल्ड करताना `गिट डिस्क्राइब --ऑलवेज --डर्टी --टॅग्ज`चं उत्तर अ‍ॅपच्या "आवृत्ती" पानावर छापा. त्यात जवळचा टॅग येतो; बिल्ड नेमकं त्या टॅगवरच नसेल तर त्यानंतरच्या कमिट्सची संख्या आणि `जी` अक्षरामागे छोटा हॅश येतो. तो हॅश उचलून पहिल्या प्रश्नापासून पुन्हा सुरुवात करता येते, फक्त टॅगच्या जागी आता हा हॅश. उथळ क्लोनमध्ये टॅग हाताशी नसला तर नुसताच हॅश छापला जातो, तेही चालतं.

शेवटी `-डर्टी` दिसलं तर ते बिल्ड कमिट न केलेल्या बदलांसह कुणाच्या तरी मशीनवर झालेलं आहे. त्याच्यावर पुढे काही तपासू नका. ते काढून टाका आणि टॅगवरून पाइपलाइनमध्ये नवं बिल्ड करा.